तंटा मिटणे आणि शांतता उभी राहणे
शांतता अध्ययन : एक परिचय

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• 'शांतता', 'समेट', 'मिटवामिटवी' या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• नकारात्मक शांतता आणि सकारात्मक शांतता या संकल्पना परिसरातील उदाहरणांनी समजावून सांगता येतील.
• शांतता अध्ययनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे स्वरूप सांगता येईल.
• या विषयात भाषेच्या अभ्यासकाचे काम कोणते, याचा विचार करता येईल.

प्रास्ताविक



पदवीचा अभ्यास पूर्ण होत आला की पुढे कोणता विषय घ्यावा, हा प्रश्न उभा राहतो. नोकरी, शेती, घर सांभाळून शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यापुढे तो अधिक गंभीरपणे उभा राहतो, कारण दोन वर्षांचा वेळ आणि श्रम खर्च करताना आपल्या जगण्याशी त्याचा काही संबंध असावा, अशी त्याची रास्त अपेक्षा असते. शांतता अध्ययन हा विषय विद्यापीठांत पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांचाही समज असा असतो की, हा विषय महायुद्धे, तह आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यापुरता आहे. वस्तुस्थिती तशी नाही. जुन्नर तालुक्यातील राजुरीसारख्या गावात बांधावर, विहिरीवर, कालव्यावर आणि घराच्या वाटणीत जे घडते, तेही या विषयाचे क्षेत्र आहे.

या घटकात एकच मुद्दा क्रमाने मांडला आहे. तंटा मिटणे ही एक गोष्ट आणि शांतता उभी राहणे ही दुसरी. पहिली झाली म्हणजे दुसरी झालीच, असे नाही. या दोहोंमधील अंतर ओळखणे आणि ते कमी करण्याचे मार्ग शोधणे, हे या विद्याशाखेचे मुख्य काम आहे.

१. शब्दांपासून सुरुवात

'शांत' या विशेषणाला 'ता' हा प्रत्यय लागून 'शांतता' हे भाववाचक नाम तयार होते. मराठीत या नामाला दोन अर्थ चिकटलेले आहेत. वर्गात शिक्षक 'शांतता!' म्हणतात तेव्हा त्यांना आवाजाचा अभाव हवा असतो. 'गावात शांतता आहे' असे आपण म्हणतो तेव्हा भांडणाचा अभाव अभिप्रेत असतो. दोन्ही ठिकाणी अर्थ अभावाचाच आहे. काहीतरी थांबले, म्हणजे शांतता झाली.

याउलट 'वास्तुशांत' हा शब्द पाहा. येथे शांत ही 'करायची' गोष्ट आहे. नव्या घरात राहायला जाण्यापूर्वी माणसे बोलवायची, विधी करायचा, पंगत बसवायची. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी भाषेची साक्ष महत्त्वाची आहे. येथील 'शांत' म्हणजे मौन नव्हे, तर नीट राहता यावे म्हणून केलेली कृती.

आता क्रियापदांकडे वळू. शांतता आपण 'राखतो', 'पाळतो' किंवा 'प्रस्थापित करतो'. तंटा आपण 'मिटवतो'. पण याच धातूपासून बनलेल्या 'मिटवामिटवी' या शब्दाची छटा मात्र चांगली नाही. प्रकरण झाकले, कोणाला तरी गप्प केले, असा संशय त्यात असतो. 'समेट' किंवा 'सलोखा' या शब्दांत तो संशय नाही, कारण तेथे दोन्ही बाजूंचे मन अपेक्षित आहे. 'भांडण उकरून काढणे' या वाक्प्रचारात तर भांडण पुरलेले असते, संपलेले नसते, हे भाषेने गृहीतच धरले आहे. शांतता अध्ययनाने सिद्धान्ताच्या भाषेत जो भेद केला, तो मराठी बोलणाऱ्यांनी शब्दांत आधीच जपून ठेवला आहे.

२. एक कल्पित उदाहरण

पुढील चर्चेसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. जुन्नरच्या पूर्व भागातील एका गावात दोन चुलतभावांच्या कुटुंबांची सामाईक विहीर आहे. पाण्यावरून भांडण झाले. वडीलधाऱ्यांनी बसून निर्णय दिला, की एक आठवडा थोरल्या घराने मोटर चालवावी आणि एक आठवडा धाकट्या घराने. निर्णय समान वाटणीचा होता, म्हणून सर्वांना पटला. भांडण थांबले.

समजा, त्या भागात शेतीला वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळते. आता हिशेब करून पाहा. पाळी आठवड्याने बदलते आणि विजेची वेळही आठवड्यानेच बदलते. परिणामी एका घराला नेहमी दिवसाचे पाणी मिळते आणि दुसऱ्याला नेहमी रात्रीचे. त्या दुसऱ्या घरात पती वारलेली एक स्त्री एकटी शेती पाहते. जुन्नर परिसरात उसाच्या फडात बिबट्याचा वावर असतो, हे सर्वांना माहीत आहे. तिला रात्री बॅटरी घेऊन पाणी भरायला जावे लागते. ती तक्रार करत नाही, कारण निर्णय 'समान' आहे, तो वडीलधाऱ्यांनी दिला आहे आणि तंटा पुन्हा उकरल्याचा ठपका तिला नको आहे.

या गावात शांतता आहे का? भांडण नाही, हे खरे. कोणाचा हेतू वाईट होता, असेही नाही. तरीही एका व्यक्तीच्या जिवाला रोजचा घोर आहे आणि त्याची नोंद कोठेही नाही.

३. नकारात्मक आणि सकारात्मक शांतता

नेमकी ही स्थिती समजून घेण्यासाठी उपयोगी पडणारी परिभाषा नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांनी घडवली. १९५९ मध्ये ऑस्लो येथे शांतता संशोधनाची संस्था सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९६९ मधील एका निबंधात त्यांनी हिंसेचा अर्थ विस्तारला. माणसाने माणसाला मारणे ही प्रत्यक्ष हिंसा होय. परंतु व्यवस्थाच अशी असेल, की काहींना टाळता येण्याजोगे नुकसान सतत सोसावे लागते, तर ती संरचनात्मक हिंसा होय. तिच्यात मारणारा हात दिसत नाही. पुढे १९९० मध्ये त्यांनी सांस्कृतिक हिंसा ही तिसरी संकल्पना मांडली. पहिल्या दोन्ही हिंसांना योग्य किंवा स्वाभाविक ठरवणारे विचार, रूढी, म्हणी आणि प्रतीके यांचा समावेश तिच्यात होतो.

प्रत्यक्ष हिंसा थांबलेली असणे ही नकारात्मक शांतता. येथे 'नकारात्मक' म्हणजे वाईट नव्हे, केवळ अभावरूप. संरचनेतील अन्यायही दूर होऊन सहकार्याचे संबंध निर्माण झालेले असणे ही सकारात्मक शांतता. आपल्या उदाहरणातील गावात नकारात्मक शांतता आहे. पाळी आणि वीज यांच्या जुळणीतून जे घडते, ती संरचनात्मक हिंसा. 'बाईमाणसाने भावकीत ताणून धरू नये' असे कोणी म्हणाले, तर ती सांस्कृतिक हिंसा.

सामाजिक बहिष्कार हे याहून कठोर उदाहरण आहे. एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले जाते तेव्हा कोणी कोणाला हात लावत नाही. बोलणे, व्यवहार, लग्नकार्याचे आमंत्रण एवढेच थांबते. गाव वरवर शांतच दिसते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. अशी शांतता ही शांतता नव्हे, हे त्या कायद्याने मान्य केले.

४. गोतसभेपासून तंटामुक्तीपर्यंत

गावाने आपले तंटे गावातच सोडवावेत, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मराठेशाहीच्या काळात वतनाचे, हद्दीचे आणि वडीलकीचे वाद गोतसभेपुढे येत. निवाड्याच्या कागदाला 'महजर' म्हणत. त्यावर उपस्थितांची नावे आणि निशाण्या असत. पाटलाची निशाणी नांगराची, तर कारागिरांच्या निशाण्या त्यांच्या हत्यारांच्या. या पद्धतीत एक मोठे बळ होते. निर्णय सर्वांच्या साक्षीने होई, म्हणून तो पाळण्याची जबाबदारीही सर्वांवर येई. मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. सभेतील मान वतनाशी आणि जातीशी बांधलेला होता.

अलीकडच्या काळात १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबवण्यात आली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांचा तिच्यामागे पुढाकार होता. ग्रामसभेने तंटामुक्त गाव समिती नेमायची, दिवाणी, महसुली आणि आपसांत मिटवता येण्याजोगे फौजदारी तंटे नोंदवायचे, समजुतीने सोडवायचे आणि नवे तंटे उद्भवू नयेत म्हणून उपाय करायचे, अशी तिची रचना होती. यशस्वी गावांना लोकसंख्येच्या प्रमाणात पुरस्काराची रक्कम मिळे. न्यायालयात वर्षानुवर्षे हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला याचा लाभ काय होतो, हे सांगावयास नको.

परंतु अभ्यासकाने येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. मिटलेल्या तंट्यांची संख्या मोजली जाते, पण ते कसे मिटले हे मोजता येते का? पुरस्कार संपूर्ण गावाला मिळणार असेल, तर तक्रार मागे घेण्याचा दबाव कोणावर येईल? साधारणतः तो दुबळ्या पक्षावर येतो. हा मोहिमेवरील आक्षेप नव्हे. शांततेसाठी केलेल्या कोणत्याही उपाययोजनेकडे पाहण्याची ही पद्धत आहे, आणि पदव्युत्तर अभ्यासात तिचेच शिक्षण मिळते.

संरचनेला हात घालणारी एक छोटी योजना तुलनेसाठी पाहू. अनेक गावांत एकाच्या नावावरील जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात असते. अदलाबदलीचा दस्त करायचा तर मुद्रांक शुल्काचा खर्च परवडत नाही, म्हणून वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो. जानेवारी २०२३ मध्ये राज्य शासनाने 'सलोखा' योजना आणली. किमान १२ वर्षे असा परस्पर ताबा असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी शुल्क एवढेच आकारण्याची सवलत तिने दिली. येथे कोणालाही समजावून गप्प बसवलेले नाही. भांडण जिवंत ठेवणारा अडथळाच कमी केला आहे.

५. कुकडीचे पाणी : मोठ्या पातळीवरील संघर्ष

विहिरीवरचा प्रश्न खोऱ्याच्या पातळीवर नेला की त्याचे स्वरूप किती गुंतागुंतीचे होते, हे राजुरीच्या परिसरातच पाहता येते. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे आहेत. ती जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आहेत. त्यांचे पाणी या दोन तालुक्यांसह शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळा येथपर्यंत, म्हणजे पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत जाते.

वरच्या भागातील शेतकरी म्हणतो, 'धरण उशाला आणि कोरड घशाला.' खालच्या भागातील शेतकरी म्हणतो, 'कालवा आमच्यासाठी काढला, पण टेलला पाणी पोहोचतच नाही.' दोघांचेही म्हणणे अनुभवातून आलेले आहे. आवर्तन केव्हा आणि किती दिवसांचे, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते आणि प्रत्येक टंचाईच्या वर्षी तेथे ताण निर्माण होतो.

शांतता अध्ययनात अशा वेळी तीन पायऱ्यांनी विश्लेषण करतात. पहिली पायरी भूमिकेची : पक्ष उघडपणे काय मागतो. दुसरी हिताची : ती मागणी कशासाठी आहे. तिसरी गरजेची : जी सोडून देणे त्याला शक्यच नाही, अशी गोष्ट कोणती. 'आवर्तन आताच सोडा' ही भूमिका झाली. उभे पीक वाचवणे हे हित. कुटुंबाची उपजीविका आणि आपल्याला डावलले जाणार नाही ही खात्री, या गरजा. भूमिका एकमेकींना छेदतात, गरजा मात्र पुष्कळदा एकत्र नांदू शकतात. पाणीवापर संस्थांना कायद्याचा आधार देणारा २००५ चा राज्याचा कायदा याच दृष्टीने वाचण्याजोगा आहे. पाणी मोजून संस्थेला द्यावे आणि वाटप शेतकऱ्यांनी करावे, या तत्त्वात खात्रीची गरज ओळखलेली आहे.

यानंतर अभ्यासक आणखी एक प्रश्न विचारतो : या चर्चेत कोण उपस्थित नाही? डिंभे धरणात आंबेगावच्या पश्चिम भागातील आदिवासींच्या जमिनी बुडाल्या. वरचा आणि खालचा शेतकरी पाण्यासाठी भांडतात तेव्हा ज्याची जमीन पाण्याखाली गेली त्याचा आवाज ऐकू येत नाही. 'शाश्वत' या संस्थेच्या साथीने तेथील आदिवासींनी जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. जे पाणी नुकसानीचे कारण ठरले त्याच पाण्यावर हक्काची उपजीविका मिळवणे, हे शांतता-उभारणीचे उदाहरण आहे, जरी त्यात कोणताही 'तंटा' नोंदवून मिटवलेला नसला तरी.

६. भिवंडीचा धडा

आतापर्यंतची उदाहरणे पाणी आणि जमिनीची होती. दंगलीसारख्या उघड हिंसेच्या बाबतीतही हाच भेद लागू पडतो का, हे पाहण्यासाठी भिवंडीकडे जाऊ. यंत्रमागांच्या या शहरात १९७० आणि १९८४ मध्ये भीषण जातीय दंगली झाल्या. दंगलीच्या वेळी शांतता समित्या बोलावण्याची प्रथा सर्वत्रच आहे. परंतु त्या संकटापुरत्या असतात आणि बहुधा प्रतिष्ठितांच्या असतात.

१९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्यांचा प्रयोग केला. वस्तीवस्तीतील सामान्य हिंदू आणि मुस्लिम नागरिक त्या भागातील पोलीस कर्मचाऱ्यासह नियमितपणे भेटू लागले. विषय धर्माचे नव्हते. नळ, कचरा, घरगुती भांडणे, किरकोळ तक्रारी असे ते होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी नागरी संबंध आणि जातीय संघर्ष यांवरील आपल्या अभ्यासात या प्रयोगाची दखल घेतली. एका शहराची शांतता एकाच कारणाने टिकत नाही, हे मान्य करूनही निष्कर्ष स्पष्ट आहे. अफवा येते तेव्हा ती खरी की खोटी, हे पलीकडच्या वस्तीतील ओळखीच्या माणसाला विचारता आले पाहिजे, आणि ती ओळख अफवा येण्यापूर्वीच झालेली असली पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन महासचिव बुत्रोस बुत्रोस-घाली यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या शांतताविषयक कार्यक्रमात शांतता घडवणे, शांतता राखणे आणि शांतता उभारणे असे भेद केले होते. बोलणी करून समझोता करणे ही पहिली कृती, बंदोबस्त ठेवणे ही दुसरी आणि संबंध व संस्था उभ्या करणे ही तिसरी. भिवंडीत तिसरी कृती संकटाच्या आधीच सुरू झाली होती.

७. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे स्वरूप

विद्यापीठीय विषय म्हणून या शाखेला आता दीर्घ परंपरा आहे. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात १९७३ मध्ये शांतता अध्ययनाचा विभाग सुरू झाला. आपल्याकडे दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात नेल्सन मंडेला यांच्या नावाचे शांतता आणि संघर्ष निराकरण केंद्र आहे. वर्ध्याच्या महात्मा गांधी अंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात गांधी आणि शांतता अध्ययनाचा विभाग आहे. गांधीजींचे सेवाग्राम आणि १९५७ मध्ये शांतिसेनेला आकार देणाऱ्या विनोबांचे पवनार, दोन्ही तेथून जवळ आहेत. दूरस्थ विद्यार्थ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा गांधी व शांतता अध्ययन विषयातील एम. ए. अभ्यासक्रम विशेष उपयोगाचा आहे. प्रवेशापूर्वी चालू वर्षाची माहितीपुस्तिका पाहून माध्यम, शुल्क आणि पात्रता यांची खात्री करून घ्यावी.

अशा अभ्यासक्रमांत साधारणतः चार अंगे असतात. (१) सिद्धान्त : हिंसा, न्याय, अहिंसा यांविषयीचे विचार. (२) संघर्षाचे विश्लेषण : पक्ष, हिते, सत्तासंबंध आणि इतिहास यांचा आराखडा मांडणे. (३) कौशल्ये : वाटाघाटी, मध्यस्थी, नोंदी घेणे. (४) क्षेत्रकार्य आणि प्रबंधिका. चौथ्या अंगात नीतीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो. आपण विचारलेल्या प्रश्नामुळे एखाद्याचे दुखणे उघड होऊन त्याला त्रास तर होणार नाही ना, याची काळजी अभ्यासकाने आधी घ्यायची असते.

व्यवसायाच्या दृष्टीने सामाजिक संस्था, विधी सेवा प्राधिकरणाचे उपक्रम, शिक्षण आणि पत्रकारिता ही क्षेत्रे या ज्ञानाला जवळची आहेत. २०२३ च्या मध्यस्थता कायद्याने वस्तीतील किंवा समाजातील सलोखा बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीला स्थान दिले आहे.

८. मराठीच्या विद्यार्थ्याचे भांडवल

संघर्ष प्रथम भाषेत दिसतो. 'दोन गटांत हाणामारी झाली' या वाक्यात कर्ता नाही. कोणी कोणाला मारले, हे वाक्यरचनेनेच झाकले आहे. 'त्यांचे आणि आमचे' या सर्वनामांनी गाव दुभंगते. 'पंच' निर्णय देतो, 'लवाद' बांधील करणारा निवाडा देतो, तर 'मध्यस्थ' निर्णय न देता दोघांना बोलते ठेवतो. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले, की अपेक्षा चुकतात आणि नवा वाद जन्मतो.

आपल्या कल्पित विहिरीकडे या दृष्टीने पाहा. प्रशिक्षित मध्यस्थ तेथे 'पाळी मान्य आहे का?' एवढेच विचारणार नाही. 'मान्य आहे' हे उत्तर कोणत्या स्वरात आले, कोणापुढे आले आणि त्यानंतर कोण गप्प राहिले, हे तो ऐकेल. त्या स्त्रीला वेगळी भेटून 'वहिनी, पाणी कधी भरता?' असे साधेपणाने विचारेल. उत्तर मिळाले, की आठवड्याऐवजी तीन-चार दिवसांची पाळी करणे, हा बिनखर्चाचा उपाय समोर येईल. त्याच्याही पुढे, दोन्ही घरांनी मिळून शेतीला दिवसा वीज मागणे ही सामाईक मागणी होईल. २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीजपुरवठ्याच्या याच गरजेतून आली. काल एकमेकांविरुद्ध उभी असलेली दोन घरे आज एका अर्जावर सह्या करतील, तेव्हा तंटा मिटण्यापलीकडचे काही घडले, असे म्हणता येईल.

सारांश

भांडणाचा अभाव म्हणजे नकारात्मक शांतता, तर न्याय्य संबंध आणि ते टिकवणारी व्यवस्था म्हणजे सकारात्मक शांतता. तंटामुक्ती, पाणीवाटप आणि मोहल्ला समित्या या उदाहरणांतून असे दिसते, की समझोता टिकण्यासाठी दुबळ्या पक्षाचा आवाज ऐकला जाणे, संघर्ष जिवंत ठेवणारे कारण दूर होणे आणि संकटापूर्वीच संबंध जोडलेले असणे आवश्यक असते. पदव्युत्तर पातळीवर याचेच शास्त्रशुद्ध शिक्षण मिळते. भाषेचा विद्यार्थी शब्द आणि मौन या दोहोंकडे लक्ष देण्याची सवय घेऊन त्या शिक्षणाकडे जातो.

स्वाध्याय

१. 'मिटवामिटवी' आणि 'समेट' या शब्दांतील अर्थभेद उदाहरणांसह १५ ते २० ओळींत लिहा.
२. तुमच्या परिसरातील एका सार्वजनिक वादातील पक्षांची भूमिका, हित आणि गरज यांचा तक्ता तयार करा. व्यक्तींची नावे लिहू नका.
३. त्याच वादातील चर्चेत कोणाचा आवाज ऐकू येत नाही आणि तो ऐकू येण्यासाठी काय बदलावे लागेल, यावर टिपण लिहा.
४. वर्तमानपत्रातील भांडणाच्या तीन बातम्या निवडा. त्यांतील कर्ता लोपलेली वाक्ये शोधा आणि कर्ता घालून ती पुन्हा लिहा. अर्थात कोणता फरक पडला, ते नोंदवा.